अर्ध्यावर तोडलेली साक्ष

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातलं हे प्रकरण. तालुका, साल, दाव्याचा क्रमांक यातलं काही देत नाही आणि ओळख लागेल असे बारीक तपशील बदलले आहेत. दाव्यात मी कुणाचाच वकील नव्हतो. माझं एक काम त्या दिवशी त्याच बोर्डावर, म्हणजे दिवसाच्या कामांच्या यादीत, बरंच खाली होतं, म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो आणि जे घडलं ते कानाने ऐकलं. पुढे दोन्ही वकिलांशी बोलणं झालं, जबाबाची नक्कल पाहिली.

दावा वाटपाचा. साठी ओलांडलेल्या बहिणीने दोन भावांविरुद्ध लावलेला. जमीन वडिलोपार्जित, पाटपाण्याखालची, ऊस आणि आलं घेणारी. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर, आणि विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधल्या विनीता शर्मा निकालानंतर, मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे यावर वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही. भावांनीही तो घातला नव्हता. त्यांची कैफियत एवढीच, की बहिणीने दुय्यम निबंधकाकडे येऊन नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं आहे. बहिणीचं म्हणणं: सही घेतली हे खरं, पण कागद वारसनोंदीचा आहे असं सांगून घेतली. म्हणजे सही कुणाची हा वादाचा मुद्दाच नव्हता. सही करताना कागद कसला आहे हे तिला ठाऊक होतं का, यावर सगळा दावा उभा होता.

न्यायाधीशांबद्दल आधीच सांगितलं पाहिजे, कारण पुढचं वाचून त्यांचं भलतंच चित्र तयार होईल. माणूस स्वच्छ. वेळेवर डायसवर येणार, निकाल टाइप करून तयार, मुदतीचे अर्ज सहजासहजी मंजूर नाहीत. दहा-दहा वर्षं पडलेले दावे त्यांनी उकरून काढून मार्गी लावले होते. साताऱ्याजवळच्या माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव आमच्याकडे प्रत्येक न्यायाधीशाच्या निरोप समारंभात निघतं, यांच्याही निघालं असतं आणि ते वावगं ठरलं नसतं. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला दोषी धरणारी निःस्पृहता हा एक गुण झाला. घाबरलेल्या साक्षीदाराला वाक्य पुरं करू देणं हा अगदीच निराळा गुण आहे, आणि पहिला असला म्हणजे दुसरा आपोआप असतोच असं नाही.

त्या दिवशी काय झालं

बोर्ड भरगच्च. बाहेर शिपायाचा पुकारा, आत वकिलांची कुजबुज. बाई कठड्यात उभ्या. सरतपासाचं, म्हणजे स्वतःच्या बाजूने दिलेल्या साक्षीचं, शपथपत्र आधीच दाखल होतं, प्रतिवादीच्या वकिलांचा उलटतपास सुरू होता. हे वकील जुने, मुरलेले. त्यांनी हक्कसोडपत्र दाखवून विचारलं, ही सही तुमची का? बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. चष्मा आणला नव्हता.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, कागद वाचायचा नाही. सही तुझी आहे का नाही, तेवढं सांग."

"व्हय सायेब, सही माजीच हाय. पर त्यो कागद सातबाऱ्याला नावं लावायची म्हून..."

"विचारलं तेवढंच! गोष्टी नको सांगू." आणि लगेच लघुलेखकाकडे वळून मजकूर सांगितला: "हक्कसोडपत्रावरील सही माझी आहे हे खरे आहे."

बाई थांबल्या नाहीत. "सायेब, मला वाचता येत न्हाई, थोरल्याने..." आता न्यायाधीशांचा आवाज चढला. "खोटी साक्ष दिली तर काय होतं माहिती आहे का? इथूनच आत पाठवीन." मग थोडा वेळ गेला, आणि बहुधा वातावरण हलकं करावं म्हणून ते बारकडे पाहून म्हणाले, "दरवर्षी दिवाळीला चोळी-बांगडी घ्यायची, आणि जमिनीला भाव आला की भावावर दावा. काय करायचं सांगा!"

पुढच्या रांगेतले पाच-सात वकील हसले.

वादीचा वकील पोरसवदा, सनद घेऊन फार दिवस झालेले नाहीत. तो उठून म्हणाला, उत्तर पूर्ण नोंदवावं अशी विनंती आहे. "बसा वकीलसाहेब. फेरतपासात विचारा." तो बसला. फेरतपासाची, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारायची, वेळ आली तेव्हा "आता काय राहिलंय? सही कबूल आहे," असं ऐकायला मिळालं, आणि त्याने "फेरतपास नाही" म्हणून टाकलं. बाईंनी प्रत्येक पानावर सही केली. जबाबाच्या शेवटी नेहमीचं वाक्य होतंच: वाचून दाखविले, बरोबर आहे.

कागदावर काय उरलं

नक्कल वाचली तर साक्ष अगदी साधी आणि सुरळीत दिसते. प्रश्न आला, कबुली आली, पुढचा प्रश्न. धमकी नाही, चोळी-बांगडी नाही, हशा नाही. वादीच्या दाव्याचा प्राण असलेला अर्धा भाग, म्हणजे "पर त्यो कागद"च्या पुढचं सगळं, तोही नाही.

न्यायाधीशाच्या वागणुकीबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा शिष्टाचारावर बोलतो. रागावू नये, टोमणे मारू नयेत, नम्र असावं. त्यात चूक काही नाही, पण त्यामुळे हा विषय स्वभावाचा होऊन बसतो: अमके साहेब जरा तापट आहेत, मनाने चांगले आहेत, सांभाळून घ्या. या प्रकरणात नुकसान बाईंच्या मानाचं झालं तसंच पुराव्याचंही झालं, आणि दुसरं नुकसान पहिल्यातूनच झालं. न्यायाधीशाचं असं बोलणं जबाबात येत नाही, पण जबाबात काय येणार हे त्या बोलण्याने ठरतं.

न्यायाधीशाने साक्षीदाराला प्रश्न विचारू नयेत असं नाही. दावा जुना असल्याने त्याला १८७२ चा पुरावा कायदाच लागू होता. त्याच्या कलम १६५ ने न्यायाधीशाला कुठलाही प्रश्न, कुठल्याही रूपात, केव्हाही विचारायची मुभा दिली आहे. १ जुलै २०२४ नंतरच्या प्रकरणांना लागणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तीच तरतूद कलम १६८ म्हणून आली आहे. अधिकार एवढा मोठा आहे की वकिलाला त्या प्रश्नावर हरकत घेता येत नाही आणि आलेल्या उत्तरावर परवानगीशिवाय उलटतपासही करता येत नाही. राम चंदर विरुद्ध हरियाणा या १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा विचार केला. तिथे सत्र न्यायाधीशांनी साक्षीदारांना खोट्या साक्षीच्या खटल्याची भीती घातली होती. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: न्यायाधीशाने बघ्यासारखं बसू नये, सत्य शोधण्यात जरूर भाग घ्यावा, पण वकिलांच्या कामात अकारण शिरू नये, एका बाजूचा वाटू नये आणि साक्षीदाराला दरडावू नये.

"इथूनच आत पाठवीन" हे कायद्यानेही जमणारं नव्हतं. खोट्या साक्षीबद्दल कारवाईची रीत आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती कलम ३४० मध्ये होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ मध्ये आहे. गरज वाटल्यास प्राथमिक चौकशी, मग न्यायहितासाठी कारवाई आवश्यक आहे असं मत नोंदवणं, मग लेखी फिर्याद. कठड्यातल्या बाईला हे कुठून माहीत असणार? तिच्या दृष्टीने उंच खुर्चीवरचा माणूस तुरुंगात घालीन म्हणतोय, बस्स.

आणखी एक गोष्ट मला इथे फार टोचली. पुरावा कायद्याच्या कलम १५२ ने साक्षीदाराचा अपमान करणारे किंवा त्याला डिवचणारे प्रश्न रोखण्याचं काम न्यायाधीशावर सोपवलं आहे. वकिलाची जीभ सुटली तर आवर घालणारा तोच. या उलटतपासात प्रतिवादीच्या वकिलांनी एकही वाकडा शब्द काढला नाही. त्यांना गरजच पडली नाही.

हशा आणि एकेरी हाक

कोर्टात विनोद नसावा असं मी म्हणणार नाही. दिवसभर भांडणं ऐकणाऱ्या माणसाला तेवढी सवलत हवी. पण डायसवरून केलेल्या विनोदाला उलट उत्तर देता येत नाही, आणि वकिलांना हसावं लागतं. उद्या त्याच साहेबांपुढे मनाई हुकमाचा अर्ज असतो. म्हणून साक्षीदारावर, पक्षकारावर, ज्युनियर वकिलावर विनोद होत असेल तर हसणारी सगळी मंडळी नकळत एका बाजूला जाऊन उभी राहतात.

चोळी-बांगडीचं वाक्य तर विनोद म्हणूनही पचत नाही, कारण त्यात निकाल होता. माहेरची साडी-चोळी घेतली म्हणजे जमिनीवरचा हक्क संपला, हा आमच्याकडच्या पारावरचा जुनाच युक्तिवाद. कायद्याने तो केव्हाच मोडीत काढला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांबद्दलच्या ठरीव समजुती न्यायाधीशांनी कशा ओळखाव्यात आणि टाळाव्यात यावर एक पुस्तिकाच काढली. न्यायाधीशांच्या मनात तसं काही नसेलही. भावांनी मात्र ते वाक्य ऐकलं आणि त्याचा अर्थ लावला. बाहेर आल्यावर थोरला भाऊ चहाच्या टपरीवर म्हणाला, "साहेबांना कळलंय सगळं." तो खूश होता, आणि एका परीने तेच वाईट.

हाकेचंही तसंच. त्याच तासाभरात त्यांनी एका निवृत्त तलाठ्याला साक्षीत "तुम्ही" म्हटलं, एका कारखान्याच्या अधिकाऱ्याला बसायला खुर्ची दिली. बाईंना "तू". न्यायाधीशांसाठीच्या आचारतत्त्वांत हे शोधायला गेलं तर फारसं सापडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी स्वीकारलेली सोळा मूल्यं मुख्यतः उच्च न्यायपालिकेसाठी, आणि त्यातला बराच भाग भेटवस्तू, शेअर्स, वकिली करणारे नातेवाईक, निवडणुका याबद्दलचा. न्यायाधीशांच्या वर्तनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बेंगळुरू तत्त्वांमध्ये, २००२ च्या, पक्षकार, साक्षीदार आणि वकिलांशी संयमाने, प्रतिष्ठेने, सौजन्याने वागावं असं स्पष्ट आहे. पण कुणाला अरे-तुरे आणि कुणाला अहो-जाहो, हा आपल्याकडचा मामला. तो आपल्यालाच बघावा लागेल.

चेंबरमधली दहा मिनिटं

मधल्या सुट्टीत न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना चेंबरमध्ये बोलावलं. हेतू चांगलाच होता. भावंडांचा दावा, तडजोड झाली तर बरी. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८९ न्यायालयाला त्याच दिशेने जायला सांगतं. पण तिथे ते म्हणाले, "बाईंना दोन-चार लाख द्या आणि पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) करून टाका. नाहीतर आता सही कबूल झालीच आहे."

आकडा तोंडातून गेला तिथे तडजोड संपली आणि मत कळलं. ॲफकॉन्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगून ठेवलं आहे, की प्रकरण चालवणाऱ्या न्यायाधीशानेच तडजोडीची बोलणी घडवून आणली आणि ती फसली, तर त्याने ते प्रकरण पुढे निकाली काढू नये. म्हणूनच अशी बोलणी दुसऱ्या न्यायाधीशाकडे पाठवणं चांगलं. तालुक्याच्या ठिकाणी "दुसरे न्यायाधीश" शेजारच्याच हॉलमध्ये असतात, मध्यस्थी केंद्र आहे, लोकअदालत आहे. आकडा सांगायची गरज नव्हती.

तरुण वकिलाने काय केलं

संध्याकाळी तो बाररूममध्ये गप्प बसला होता. सिनियर मंडळींचे सल्ले नेहमीचे. एक म्हणाले, जिल्हा न्यायाधीशांकडे तक्रार कर. दुसरे म्हणाले, अजिबात नको, तुला याच कोर्टात तीस वर्षं काढायची आहेत. तिसऱ्यांनी न्यायालयाच्या अवमानाची भीती घातली. ही भीती बिनबुडाची आहे. न्यायालय अवमान कायदा, १९७१ च्या कलम ६ प्रमाणे कनिष्ठ न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेलं निवेदन हा अवमान होत नाही. मात्र तक्रारीला शपथपत्र आणि पडताळता येईल असं साहित्य लागतं, आणि इथे अडचण नेमकी तीच: पडताळायचं कशावरून? जबाब तर सुरळीत आहे.

तोंडी शेऱ्यांची ही गोम सर्वोच्च न्यायालयासमोरही आली होती. मद्रास उच्च न्यायालयाने निवडणूक आयोगाबद्दल सुनावणीत काढलेल्या कठोर उद्गारांवर आयोग २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने शेरे कठोर होते, न्यायाधीशांनी बोलताना सावधगिरी बाळगावी असं म्हटलं. पण ते आदेशाचा भाग नाहीत, तेव्हा काढून टाकण्याचा प्रश्नच येत नाही असंही सांगितलं. लिहिलेलं खोडता येतं. बोललेल्याला कुठली खोडणी?

म्हणून तरुण वकिलाने शेऱ्यांचा नाद सोडला आणि जबाबाला धरलं. माझ्या मते हाच शहाणपणा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ चा नियम १० सांगतो, की विशेष कारण दिसल्यास एखादा प्रश्न आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवून घेता येतं. नियम १७ प्रमाणे साक्षीदाराला पुन्हा बोलावता येतं. त्याने दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या शपथपत्रासह अर्ज दिला. अर्जात न्यायाधीशांवर एक शब्द नव्हता. "साक्षीदाराने दिलेले उत्तर पुढीलप्रमाणे होते, त्याचा उत्तरार्ध नोंदला गेलेला नाही" एवढंच, आणि खाली बाईंचं वाक्य त्यांच्याच बोलीत, अवतरणात. प्रतिवादीच्या वकिलांनी अपेक्षेप्रमाणे हरकत घेतली: साक्षीतली उणीव भरून काढण्यासाठी नियम १७ वापरता येत नाही. हे म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे, २०११ च्या वेलुसामी निकालात ते आलेलंही आहे. पण इथे नवीन काही घालायचं नव्हतं. बोललेलं पण न उतरलेलं मागायचं होतं.

अर्ज फेटाळला गेला असता तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालय उघडं होतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच चालू झाल्याने सातारकरांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. तशी वेळ आली नाही.

न्यायाधीशांनी लघुलेखकाची वही मागवली. वहीत वाक्य अर्धंच होतं, पण पुढे टिंबं होती. दोन ओळींचा आदेश झाला: उत्तर अपूर्ण नोंदले गेल्याचे दिसते, साक्षीदारास मर्यादित मुद्द्यावर पुन्हा बोलावण्यात यावे. दिलगिरी नाही, स्पष्टीकरण नाही. बाई आल्या तेव्हा शिपायाला सांगून त्यांना खुर्ची दिली. "आजी, चष्मा आणलाय का? सावकाश सांगा," असं म्हणून त्यांनी पूर्ण वाक्य प्रश्नोत्तर रूपात उतरवून घेतलं. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग वाटतो. चूक दुरुस्त करताना न्यायाधीशाची पत जाते, ही समजूत न्यायाधीशांपेक्षा वकिलांचीच जास्त.

पण बिघडलेलं सगळं एवढ्याने नीट झालं नाही. आठ-दहा दिवसांत भावांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली दावा दुसऱ्या न्यायालयात वर्ग करण्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात दाखल केला. कारण काय, तर न्यायाधीश आता वादीला झुकतं माप देत आहेत. आधीच्या बोलण्याबद्दल ओरड झाली म्हणून भरपाई करत आहेत. चेंबरमधला आकडा इथे अर्जात आला, तोही उलट्या अंगाने: "बाईंना पैसे द्या" असा आमच्यावर दबाव आणला. म्हणजे चोळी-बांगडीच्या वाक्याने बहिणीचा विश्वास गेला होता, आणि ते निस्तरताना भावांचाही गेला. दोन्ही पक्षांना एकाच न्यायाधीशाबद्दल शंका, आणि दोघांकडेही सांगायला काहीतरी खरं.

जिल्हा न्यायाधीशांनी वर्ग करण्याचा अर्ज फेटाळला. अपूर्ण नोंद पूर्ण करून घेणं हा पक्षपात होत नाही, हे कारण पटण्यासारखं आहे. चेंबरमधल्या बोलण्यावर आदेशात फारसं काही नाही. माझ्या मते त्या एका मुद्द्यावर दावा शेजारच्या हॉलमध्ये पाठवला असता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं, उलट तिन्ही बाजूंची सुटका झाली असती.

दावा मात्र त्या न्यायाधीशांकडे राहिला नाही. उन्हाळी सुट्टीनंतर त्यांची बदली झाली. आदेश १८ च्या नियम १५ प्रमाणे आधीच्या न्यायाधीशाने नोंदवलेला पुरावा नव्या न्यायाधीशाला तसाच पुढे वापरता येतो. नियम १२ खाली साक्षीदाराच्या हावभावांबद्दल शेरा लिहून ठेवता आला असता: बिचकली, अडखळली, कागद वाचता येईना. तसा शेरा कुठे नाही. नव्या मॅडमनी बाईंना पाहिलेलं नाही, त्यांचा आवाज ऐकलेला नाही. त्यांच्यापुढे दोन कागद आहेत. एकात सही कबूल आहे, दुसऱ्यात त्याच सहीची हकीकत आहे, आणि दोन्हींच्या मध्ये काही आठवडे गेलेले आहेत. प्रतिवादीचा युक्तिवाद आता त्या आठवड्यांवरच चालला आहे: पहिल्या दिवशी हे का सांगितलं नाही, नंतर शिकवून आणलं. वादीच्या वकिलाने उत्तरादाखल लघुलेखकाची वही आणि त्यातली टिंबं दाखवली. दावा निकालासाठी बंद आहे.